मेंढवाड्यातला सापळा

पोखर्णीजवळच्या मेंढवाड्यातलं माझं काम सोपं, असं सगळेच म्हणायचे. दिवस मावळताना जांभळ्या दिव्याचा सापळा खुंटाला टांगायचा, बॅटरी जोडायची. दिव्याला भुलून आलेली चिलटं पंखा खाली ओढतो आणि ती साबणपाण्याच्या बाटलीत पडतात. सकाळी बाटली संशोधनासाठी आलेल्या मॅडमच्या हातात द्यायची. मेंढ्यांचं रक्त पिणारी ही चिलटं मोहरीएवढीही नसतात, पण त्यांच्यामुळे मेंढ्यांना निळ्या जिभेचा रोग होतो. कुठली चिलटं, किती, हे मॅडम शोधत होत्या. मी सातवीत शाळा सोडलेली, कोकणातून नवऱ्याच्या मागोमाग इकडे आलेली. मला कुणी असलं काम दिलं, हेच खरं वाटत नव्हतं.

पहिल्या सकाळी बाटलीतलं पाणी चिलटांनी काळं झालं होतं. पुढचे चार दिवस नुसते दोन-तीन पतंग. बॅटरी बदलली, पंखा पुसला, काही कळेना. मॅडम बाटली उजेडात धरायच्या आणि परत खाली ठेवायच्या. "मी रोज वेळेवर लावते," मी न विचारताच सांगितलं. त्या "हो" म्हणाल्या. काम सुटलं की राहिलं, हे त्या "हो"वरून मी दिवसभर ताडत बसले.

सहाव्या संध्याकाळी वाड्याच्या मालकीणबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, घमेल्यात कडुनिंबाचा पाला धुमसवत होत्या. धूर मी रोज बघत होते; इथली रीतच असेल असं धरून चालले होते.

"मावशी, हे रोजचंच ना?"

"रोज कोण पाला तोडतंय, बाई? पहिल्या दिशी चिलटांनी तुमचे हात फोडून काढले. लांबून आलेलं लेकरू, म्हणून धुरी करायले. तुमच्या मशीनीपेक्षा माझं घमेलं लय कामाचं हाय. पगार त्याला द्या."

म्हणजे बाटली रिकामी राहत होती ती या धुरामुळे. चूक कुणाची म्हणायची? तिथूनच मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "धुराचे चारही दिवस वहीत लिही. आज घमेलं विझवतील का, विचार."

रागावल्या होत्या का, तेही समजलं नाही.

मी विचारलं. मावशी मेंढ्यांकडे बघत राहिल्या. "म्हंजे चिलटांना जेवायला बोलवायचं, अन् ताटात माझ्या मेंढ्या?"

मग मावशींनीच तांब्यातलं पाणी घमेल्यावर ओतलं. "एका रातीचं काय. तुमचं काम ऱ्हायला पायजे."

सकाळी बाटली काळीभोर होती. मॅडम म्हणाल्या, "यापुढेही तूच लाव." मागे मेंढ्या चिलटं चावलेले कान कुडाला घासत होत्या.

"भरलं का?" मावशींनी विचारलं.

"भरलं," मी म्हटलं. आवाज का दबला, ते मला अजूनही सांगता येत नाही.