कंकरहियाचं सोनं

ब्रह्मा घाटावरचं घर सोडून वडिलांनी शहराबाहेर कंकरहियात जागा घेतली, तेव्हा गंगा सोडून खड्ड्यात चालले म्हणून नातलगांनी आमची थट्टा केली. खड्डे होतेच. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं इथली माणसं जमिनीतून कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, खणून काढत. तेच भट्टीत भाजून शहराला चुना मिळे, तेच अंथरून रस्ते होत. पुढे गिट्टी आणि डांबर आलं, खाणी बंद पडल्या आणि मागोमाग शहर चालत आलं. नाकं मुरडणाऱ्यांच्या घाटावरच्या भिंतींत आमच्याच वस्तीचा चुना आहे, हे मी त्यांना हटकून सांगते.

शेजारच्या काकींनी तरुणपणी नवऱ्याबरोबर कंकर खणला होता. इथल्या पहिल्या खंडेनवमीला आईने पाटावर विळी, कात्री आणि वडिलांचं रेल्वे कचेरीतलं पेन मांडलं. तिला ते फारच किरकोळ वाटलं. ती काकींकडे गेली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "काकी, तुम्हारा टिकाव दो, पूजा में रखती हूँ।"

"एके पूजबू, दुलहिन?" याची कसली पूजा, अशा नवलाने काकींनी विचारलं, पण टिकाव धुऊन, पदराने पुसून दिला.

पुढे अख्ख्या वस्तीची हत्यारं आमच्या अंगणात येऊ लागली. काकींचे नातू मजुरीच करत, त्यांची फावडी, घमेलीही आली. आईचा नियमही सगळ्यांनी पाळला: पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही.

मी कॉलेजात असताना भोवती बंगले उठले. नव्या रहिवाशांच्या समितीने कमान उभारून वस्तीला गोंडस नाव द्यायचं ठरवलं. काकींचं जेवणावरचं मन उडालं. खाणी गेल्या, खड्डे बुजले, आता नावही गेलं तर आपण इथे होतो हे कोण सांगणार, एवढंच त्या बोलत.

कमानीसाठी खणायला समितीने नेमका नवमीचा दिवस धरला आणि मजूर म्हणून काकींच्याच नातवांना बोलावलं. सकाळ सरली तरी कोणी फिरकेना. शेवटी समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त अधिकारी, तणतणत आमच्या अंगणात आले आणि झेंडूच्या माळा घातलेले टिकाव बघून थबकले.

"आज नहीं उठेगा," आई म्हणाली. "आज ये देव है।"

"तो कल?"

उत्तर काकींनी दिलं. "कल खोदब, साहब। बाकी आपन नाँव मेटावे बदे गड्ढो हमहीं लोग खोदीं?"

आपलंच नाव पुसायला खड्डाही आम्हीच खणायचा का, असं त्या विचारत होत्या. आईने साहेबांना पाट दिला, पुढ्यात पुरणपोळी वाढली. सावकाश जेवून, हात धुऊन, जाताना ते म्हणाले, "नाम वही रहेगा।" त्यांचं मन पालटलं, की दुसरे मजूर मिळणार नाहीत हे त्यांनी ओळखलं, यावर आमच्या घरात आजही वाद होतो.

दसऱ्याला पहिला घाव काकींनी घातला. आई दरवर्षी त्यांना सोनं म्हणून आपट्याची पानं देई. त्या दिवशी काकींनी खड्ड्यातून निघालेला एक खडा धुतला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

"ल दुलहिन, ई हमार सोना।"

आई रडली, मीही रडले. तो खडा आज माझ्या देव्हाऱ्यात आहे. घाटावरचे पाहुणे आले की विचारतात, हा कुठला देव?

"आमच्या गावचा," मी म्हणते.