कमल मदतनीस आणि मेथीची जुडी

आज नदीकाठी कमलच्या दशक्रियेला सात जणांनी भाषणं ठोकली. त्यांतल्या एकानेही ती जिवंत असताना तिला बसायला खुर्ची दिली नव्हती.

"थोर समाजसेविका" म्हणे.

ती अंगणवाडीची मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरं गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची. तेवढंच लिहा ना बॅनरवर. त्यात कमी काय आहे?

मी तिची सुपरवायझर. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शिरूर तालुक्यात जीपने हिंडणारी, लाल पेनवाली मॅडम.

कमलच्याच गावातली मनीषा. माहेर दौंडकडचं, आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच. मुलगा झाला. पेढे वाटले, बारशाला मांडव घातला. नवरा रांजणगावला कंपनीत, शिफ्टमध्ये.

बाळ तीन महिन्यांचं झालं तरी वजन वाढेना. हसेना. हुंकार देईना.

मी वजनकाट्याजवळ उभी राहून भेटवहीत इंग्रजीत शेरा मारला: मदर नेग्लिजंट.

कमलने अंगणवाडीच्या सेविकेकडून अर्थ विचारून घेतला आणि माझी जीप अडवली.

"मॅडम, इंग्रजीत शिवी दिली व्हय?"

"शिवी नाही, शेरा आहे. आईचं बाळाकडे लक्ष नाही."

"पोराला काट्यात घातलंत. आईला कुणी इचारलं का, बाई, तुला काय व्हतंय?"

मी म्हणाले, "फॉर्ममध्ये तो कॉलम नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. एवढ्या चांगल्या शाळेत शिकून.

कमल मला हाताला धरून मनीषाच्या घरी घेऊन गेली. मनीषा भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात मेथीची जुडी, न सोडलेली. शेजारी बाळ रडत होतं आणि ती तिकडे बघतही नव्हती.

कमल तिच्याजवळ टेकली. बऱ्याच वेळाने मनीषा म्हणाली, "ताई, ह्याला माझ्यापाशी ठेवू नका. मला माझीच भीती वाटती."

दारात तिच्या सासूबाई, सोजराबाई. "पोरगा झालाय, आन् रडती कशापायी? बाहेरचं लागलंय तिला. अमावास्येला देवऋषाकडं न्यायचं ठरलंय."

मी तोंड उघडणार, तोच कमलने माझा हात दाबला. माझ्या तोंडाची तिला चांगली कल्पना होती.

"न्या की, मावशी. पर अमावास्येला आठ दिस हायती. ते आठ दिस माझे. दवाखान्याचं मी बघते. न्हाई गुण आला, तर मी सोता नारळ घिऊन येते तुमच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी माझ्या जीपमधून सगळे सरकारी दवाखान्यात. नियमात बसत नव्हतं. बसवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. आजार आहे, औषधाने बरा होतो.

सोजराबाई पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "आजार हाय व्हय? मंग मला बी त्योच झाला व्हता. थोरल्याच्या टायमाला. मला मिरच्यांची धुरी दिल्ती."

मनीषाने मान वर करून सासूकडे बघितलं. कित्येक दिवसांत तिने कुणाकडे बघितलं नव्हतं.

अमावास्या आली आणि गेली. आठ दिवसांत चमत्कार झाला नाही. तिला झोप लागायला लागली, एवढंच. पण दवाखान्याच्या पुढच्या तारखेला कॅलेंडरवर गोल केला तो सोजराबाईंनी.

आणि कमल? खिचडीचं पातेलं घासून झालं की रोज दुपारी मनीषाकडे जाऊन बसायची.

"माझ्याशी बोलू नगं. पोराशी बोल."

"काय बोलू? त्याला काय कळतंय, ताई?"

"काय करतीस ते सांग. हातात काय हाय?"

"मेथी."

"मंग मेथी सांग. त्याशिवाय मी हलत न्हाई. घरी माझी सासू वाट बघतीया, शिव्या खायला लावशील मला."

मनीषाने बाळाकडे पाहिलं. "ही मेथी," ती म्हणाली. "ही पानं. हे देठ. देठ टाकायचं."

बाळ टक लावून बघत राहिलं.

काही आठवड्यांनी ते हसलं. कमल गावभर सांगत सुटली, जशी काही ग्रामपंचायत जिंकली.

जिंकलीच होती.

मी शेरा खोडला. पुढे रिटायर होईपर्यंत माझ्या सगळ्या अंगणवाड्यांत गृहभेटीचा पहिला प्रश्न आईला. कॉलम नव्हता, म्हणून समासात लिहायला लावलं. वरच्या ऑफिसातून खुलासा मागितला. मी तो पल्लेदार इंग्रजीत पाठवला. पुन्हा कुणी विचारलं नाही.

तर आज.

भाषणं संपली. पिंड ठेवला. शेवटच्या वक्त्याने माईकवरून दोन मिनिटं मौन जाहीर केलं.

मनीषाचं ते बाळ, अथर्व, आता दुसरीत आहे. त्याच्या बाईंची एकच तक्रार असते: तोंडाला कुलूप नाही.

"आई, सगळे गप का बसलेत?" खणखणीत आवाज.

एक पुढारी वळून म्हणाले, "श्शू!"

मनीषाने त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. लेकाला नेहमीच्या आवाजात सांगू लागली. "कमलआज्जी गेली ना, म्हणून. तो भात तिच्यासाठी ठेवलाय. आता कावळा यील, त्याची वाट बघत्यात सगळे. आन् हे माईकवाले काका."

"आज्जीच्या खिचडीत मीठ कमी असायचं," अथर्व म्हणाला.

"व्हय," सोजराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लईच कमी."

कावळा कधी शिवला, मला माहीत नाही. मी त्या तिघांकडे बघत होते.

कमल, तुझ्यासाठी मी मौन पाळणार नाही. माझ्या फेसबुकच्या भिंतीवर 'रिप' लिहिणाऱ्यांनो, तुम्हीही पाळू नका. घरात, शेजारी बाळंतीण असेल तर बाळाचे गाल ओढायच्या आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, बाई, तुला काय होतंय?

मग त्याला खुशाल श्रद्धांजली म्हणा.

जा बाई, सुखाने जा.

आणि तिथे तरी मीठ बघून घाल.