चौसष्ट बरोबर, सोळा चूक

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोत्रीच्या नाक्यावर दुधी निवडत होते. तिच्या भाच्याने दोनच वाक्यं सांगितली आणि मी भाजी तिथेच टाकून घरी आले. त्याला आता दीड महिना झाला. शोकसभेत सगळे तिच्या शिस्तीबद्दल, गणितावरच्या हुकमतीबद्दल बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी तिच्या हातच्या शेवउसळीबद्दल काहीतरी बोलले आणि खाली बसले. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आज लिहिते आहे, कारण आणखी गप्प बसले तर मला माझीच शिसारी येईल.

ताई आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने मेडिकल प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांसाठी घरीच सराव परीक्षा सुरू केल्या आणि पेपर तपासायला मला हाताशी घेतलं. मी पडले प्राथमिक शाळेतली बाई. आमची पोरं एकही प्रश्न कोरा सोडायची नाहीत, येत नसेल तर काहीतरी ठोकून द्यायची. त्यामुळे बरोबर आणि चूक यांची बेरीज केली की झाले एकूण प्रश्न, हे माझ्या बोटांत बसलेलं. ताईच्या परीक्षेत मात्र बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा, सोडलेल्याला शून्य. "उषा, सोडलेले प्रश्न विसरू नकोस हं," असं ती दर वेळी बजावायची. मी "हो गं बाई" म्हणायचे. मला वाटायचं, इतकी वर्षं निकाल लावलेत, टक्के काढायला आता ही मला शिकवणार का...

सात वर्षांपूर्वी बाजव्याहून मेघना नावाची मुलगी यायची. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की ताईच्या या परीक्षेत पंचाहत्तर टक्के पडले तर वर्षभर घरी बसून मेडिकलची तयारी कर, नाही तर बी.एस्सी.ला मिळालेली जागा मुकाट्याने घे. शंभर प्रश्नांत तिचे चौसष्ट बरोबर, सोळा चूक आणि वीस सोडलेले. मी चौसष्ट आणि सोळा मिळवून ऐंशी केले, चौसष्टला ऐंशीने भागलं आणि पेपरवर ठसठशीत लिहिलं, ऐंशी टक्के. वजा गुण नाहीत, ते वीस प्रश्नही नाहीत. पोरगी नाचतच घरी गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ताई, मुलांना दाखवून परत घेतलेले पेपर चाळत होती. एका पेपरवर तिचं पेन थांबलं. चौसष्ट चोक दोनशे छप्पन्न, वजा सोळा, दोनशे चाळीस. चारशेपैकी. "साठ टक्के होतात गं," एवढंच म्हणाली. बी.एस्सी.ची जागा पक्की करायची मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत होती. वडिलांचा फोन लागेना. मी म्हटलं, "राहू दे ना ताई. वर्षभर अभ्यास केला तर पडतीलही पंचाहत्तर. पोरीचं मन कशाला मोडायचं?" पोरीचं मन वगैरे काही नव्हतं, मला माझी अब्रू वाचवायची होती. ताईने पेपर पिशवीत टाकला, स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चल, बस मागे."

बाजव्याला रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी संपता संपेना. ताई सारखी घड्याळ बघत होती आणि मी मागे बसून मनात म्हणत होते, अशीच चालू दे, वाजू देत पाच... इतकी मी खाली उतरले होते.

मेघनाच्या वडिलांनी "आवो बेन, बेसो" म्हणत खुर्च्या पुढे केल्या. आई पेढ्यांची बशी घेऊन आली. ताई बसलीच नाही. "टक्के चुकलेत. ऐंशी नाहीत, साठ आहेत. हिशेब मी केला, चूक माझी आहे." मी तिच्या शेजारीच उभी होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी पदर सारखा केला. "बेन, तुमच्या भरवशावर मी पोरीची जागा सोडून दिली असती," वडील म्हणाले आणि मग त्यांचा आवाज चढला, नको नको ते बोलले. ताईने ऐकून घेतलं. "उरलेलं उद्या येऊन ऐकते. आधी कॉलेजात जा, वेळ नाही." मेघना आतल्या दाराला टेकून उभी होती. ती ताईकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

ते लोक वेळेत पोचले, जागा पक्की झाली. पण बाईंना टक्के काढता येत नाहीत, असं गोत्रीभर झालं आणि महिन्याभरात ताईची निम्मी मुलं गेली. मी तेव्हाही काही बोलले नाही.

गेल्या आठवड्यात मेघना मला भेटायला आली. आता ती एका शाळेत विज्ञान शिकवते. मी चहा ठेवला आणि तिच्याकडे पाठ करूनच म्हटलं, "मेघना, तो हिशेब माझा होता."

"माहीत आहे, काकू. आकडा तुमच्या अक्षरात होता. मी ताईंना तेव्हाच विचारलं होतं."

"मग?"

"म्हणाल्या, उषा स्वतः सांगेल. तोवर तू कुणाला बोलू नकोस."

ताईची खोली आवरायची म्हणून भाच्याने मला किल्ली दिली आहे. काल तिथे बसून जुने पेपर बांधत होते. दर परीक्षेनंतर आम्ही दोघी हेच करायचो. मी गठ्ठा धरायचे, ती सुतळी आवळायची, आणि बाजव्याच्या त्या दिवसापासून गाठ मारण्याआधी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारायची, "तुला काही सांगायचंय का गं, उषा?" ती काय विचारते आहे ते मला प्रत्येक वेळी कळायचं. मी म्हणायचे, "नाही." मग ती गाठ मारायची.