नव्या रंगाखालचे डबे

धोंडू तांडेलांनी नव्या वस्तूवर कधी अविश्वास दाखवला नाही. त्यांचा संशय होता तो नव्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या वस्तूंवर. रत्नागिरीपासून थेट हर्ण्यापर्यंत कुणाला जुनी होडी विकत घ्यायची झाली की आधी त्यांना बोलावणे येई. ते लाकडी मोगरीने बुडाची एकेक फळी ठोकीत आणि कान लावीत. खणखणीत नाद आला तर लाकूड जिवंत. बद्द आवाज आला तर आत कूज. एकदाच, तरुणपणी, ‘रंग ओला आहे, डाग उठतील’ या मालकाच्या विनवणीची भीड पडून त्यांनी एक होडी नुसत्या डोळ्यांनी पारखली. ती त्यांच्या धाकट्या भावाला, शिवाला, घेऊन गेली ती परतली नाही. पुढची पन्नास वर्षे त्यांनी भीड कुणाचीही धरली नाही.

अशा माणसाच्या दाराशी आगगाडी आली. बंदराच्या मालासाठी टाकलेला आणि पुढे मालच न आल्याने निद्रिस्त पडलेला रेल्वेचा एक लहानसा फाटा त्यांच्या वाडीलगत जातो. त्यावर सकाळ-संध्याकाळ प्रवासी गाडी सुरू करायचे ठरले. पण मूठभर उतारूंसाठी नवे डबे कोण देणार? म्हणून दूरच्या प्रांतात पंचवीस वर्षे धावून निवृत्त झालेले चार डबे कारखान्यात नेले. त्यांतली शौचालये काढली, बाकडी बदलली, एका डब्यात डिझेलचे इंजिन बसवले, आणि निळा रंग चढवून ते इकडे धाडले.

त्या गाडीची सर्वांत आतुर प्रतीक्षा होती धोंडूंच्या नातीला. मृणाली रत्नागिरीत परिचारिका. एसटीने दोन तास जायचे, दोन तास यायचे. या येरझारीने ती पार थकली होती.

“आबा, सोमवारपासून मी गाडीने जाणार. तुम्ही नको म्हणालात तर शहरात खोली घेऊन ऱ्हाते.”

“जुनी हाय ती. रंग फासलाय नुसता.”

यमुनाबाई, त्यांच्या पत्नी, माजघरातून म्हणाल्या, “तुमी पण जुनेच की. आमी टाकलाव काय तुमाला?”

मृणाली हसली. धोंडू हसले नाहीत. पोरीला गाडीत बसवावे तर जिवाला घोर, न बसवावे तर घर रिकामे. शनिवारी सकाळी मोगरी काखेत मारून ते गाडीच्या थांब्यावर गेले. चारही डबे रुळांवर उभे होते, आणि देखभालीचा तंत्रज्ञ निलेश चाकांपाशी वाकून काही तपासत होता. धोंडूंनी कुणाची अनुज्ञा घेतली नाही. पहिल्या डब्याच्या अंगावर मोगरी हाणली.

बद्द!

दुसरीकडे हाणली. तिथेही बद्द. तिसरीकडे तेच.

“अहो आजोबा! रंग उडेल!” निलेश धावत आला.

“उडूदे. आत सगळा कुजलाय तुजा डबा. मला आवाज कळतो.”

“होडीचा कळत असेल. डब्याचा आवाज असाच यायला हवा. पत्र्याच्या आत जाड थर असतो, ऊन आणि खडखडाट अडवायला. बद्द वाजला म्हणजे थर जागेवर आहे.”

“तू तसाच सांगणार. पगार घेतोस.”

निलेशने त्यांना डब्यात नेले. त्याने एका भिंतीचे चार स्क्रू काढले, फळी बाजूला केली आणि म्हाताऱ्याचा हात आत घातला. थर शाबूत, मागचा पत्रा कोरडा. अर्धशतकाची विद्या त्या क्षणी उफराटी ठरली. धोंडू क्षणभर खाली बसले. मग उठले आणि पुन्हा ठोकू लागले.

“अजून पटलं नाही?”

“पटलंय. बद्द बरा, असा तूच सांगितलंस ना? मग जिथं बद्द नाय, तिथं काय?”

धोंडू पुढच्या डब्याकडे वळले. निलेशही मागोमाग चालू लागला. दुसरा डबा बद्द, तिसरा बद्द. चौथ्या डब्याच्या टोकाला, पूर्वी शौचालय होते त्या जागी, खालच्या अंगाला मोगरी पडली आणि पत्रा रित्या हंड्यासारखा खणखणला.

ज्या नादावर त्यांनी आयुष्यभर विश्वास टाकला होता, तोच नाद ऐकून धोंडूंच्या अंगावर काटा आला. निलेश धावतच डब्यात चढला. त्याने आतली फळी उघडली. थर केव्हाच गळून पडला होता. वर्षानुवर्षे मुरलेल्या पाण्याने पत्र्याची आणि खालच्या आधाराची चाळण केली होती. वर निळा रंग मात्र नितळ, निष्कलंक होता.

“कारखान्यातून तपासून आलाय हो हा,” निलेश पुटपुटला.

“डोळ्यांनी तपासला असेल.”

त्याच दुपारी निलेशने लेखी अहवाल दिला. संध्याकाळी चौथा डबा सोडवून बाजूच्या रुळावर लावला. तीन डब्यांची गाडी सोमवारी सुटणार हे कायम झाले.

सोमवारी मृणाली जेवणाचा डबा घेऊन अंगणात उभी राहिली; पण पाय उचलेना. आबांच्या मुद्रेकडे पाहत राहिली.

“तीन डबे मी ऐकलेत,” धोंडू म्हणाले. “चाकांचा मला काय कळत नाय. तो पोरगा सांगतो चांगली हायत. त्याचा खरा धरायचा की नाय, ता अजून ठरत नाय माजा.”

“मग नको जाऊ?”

दूर फाट्यावर भोंगा वाजला.

“जा,” ते म्हणाले. “मदल्या डब्यात बस. आणि पोचलीस की आधी फोन कर. मगच हजेरी लाव.”