तोडक्यामोडक्या कादंबरीचं गाऱ्हाणं

आमच्या घरातली सगळी नम्रता माझ्या वाट्याला आली, कारण वडिलांनी त्यांच्या वाट्याची कधी वापरलीच नाही. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मुलुंडला इलेक्ट्रिक सामानाचं दुकान टाकलं, आणि साधा बल्बही ते असा विकायचे, जणू त्याचा शोध त्यांनीच लावलाय. बाजारात ताजा बांगडा फक्त त्यांना ओळखता येतो, गावच्या खाडीत त्यांच्याइतकं लांब कोणी पोहलं नाही, असं रोज काहीतरी. लहानपणी मी त्यांच्या मागे उभी राहून लाजेने चूर व्हायचे. तेव्हाच ठरवलं होतं, आपण स्वतःबद्दल चांगलं म्हणून बोलायचं नाही. हा निश्चय मी चाळिशी उलटेपर्यंत पाळला आणि त्यापायी माझी कादंबरी जवळजवळ बुडालीच होती.

कादंबरी जोगेश्वरीतल्या एका बाईची आहे. ती मिरची-मसाला कुटून देते आणि तिच्यामुळे सगळी गल्ली वर्षभर शिंकत असते. घाटकोपरच्या ऑफिसातून घरी येऊन, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं, अशी कित्येक वर्षं मी ती लिहिली. प्रकाशकांकडे पाठवली तर पोचल्याचंही कोणी कळवेना. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली की हल्ली एजंट असतात. ते कादंबरी वाचतात, योग्य प्रकाशक शोधतात, करारही बघतात. मराठीत अशी माणसं अजून बोटांवर मोजण्याइतकी. शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, फ्लॅटचा की पॉलिसीचा?

एजंटला तीन प्रकरणं आणि सोबत एक पत्र पाठवायचं असतं. पत्रावर मी आठवडाभर मेहनत घेतली. ‘माझा हा तोडकामोडका प्रयत्न आपण गोड मानून घ्यावा. लेखनात पुष्कळ उणिवा आहेत याची मला जाणीव आहे. आपला मौल्यवान वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.’ आपल्याकडे शाळेच्या हस्तलिखितापासून लग्नाच्या जेवणापर्यंत हेच म्हणतात. श्रीखंडावर अर्धा किलो चारोळी घालून यजमान म्हणतो, काही विशेष केलेलं नाही. मला वाटलं, सभ्य लोकांत हीच भाषा.

पत्र गेलं त्यातल्या बहुतेक एजंटांनी उत्तरच दिलं नाही. अंधेरीच्या एका एजंटबाईंनी दिलं. ‘तुमचा प्रयत्न तोडकामोडका आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. कादंबरी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता, म्हणून तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते. शुभेच्छा.’ मला इतका राग आला की मी फोन पालथा घालून भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली. त्या बाई उद्धट आहेत, हे मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण कादंबरी मेली, असंच वाटत होतं.

त्यानंतर आठवड्याभरात गणपती आले. विसर्जनाआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहतो आणि वर्षभराचं सगळं मागणं मोठ्याने मांडतो. प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. गाऱ्हाणं वडीलच घालतात. त्यामुळे ते स्वतः ‘व्हय महाराजा’ कधी म्हणत नाहीत, ते मागे उभ्या असलेल्यांचं काम. त्या वर्षी नातवाची परीक्षा आणि आईचे गुडघे झाल्यावर ते एकदम म्हणाले, “माज्या चेडवान कादंबरी लिवल्यान हा. झकास लिवल्यान हा. तिका योग्य माणूस भेटव रे महाराजा.”

अख्खा मजला “व्हय महाराजा” म्हणाला. चेडू म्हणजे लेक, म्हणजे मीच. माझे कान तापले.

विसर्जन करून आल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. एक पानही वाचलेलं नसताना झकास कशाला म्हणालात, असं विचारलं. ते शांतपणे खोबरं खात होते. म्हणाले, मग तू काय लिहून पाठवलंस? मी चिडून फोनवरचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मी क्षमस्वपर्यंत पोचले तसं त्यांनी खोबरं खाली ठेवलं.

“गाऱ्हाण्यात कोण देवाक सांगता काय, माजा काम फालतू आसा म्हणान?”

गाऱ्हाण्यातही चूकभुलीची माफी असते, पण ती शेवटी एका वाक्यात, आणि तीही ठसक्यात. आधी मी कोण, कुठला, काय केलं आणि काय हवं, हे सगळं ताठ मानेने सांगायचं असतं. जन्मभर मी त्याला बढाई समजत आले होते. त्याच बाईंना मी पुन्हा पत्र लिहिलं. मी कोण, मिरचीवाली कोण आणि ही कादंबरी वाचताना तुम्हाला शिंक का येईल, एवढंच. शेवटी लिहिलं, ‘कादंबरी चांगली आहे. तुम्ही ती घ्यावी.’ आणि पाठवायचं बटण दाबून टाकलं.

तीन आठवड्यांनी त्यांनी अंधेरीला बोलावलं. पहिल्या पत्रानंतर प्रकरणं उघडलीच नव्हती, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. दुसऱ्या पत्रानंतर उघडली ती संपवूनच जेवायला उठल्या. मग उरलेली कादंबरीही मागवून वाचली होती. आता दोन जागी कात्री लावायला सांगितली आणि कराराचा मसुदा पुढे ठेवला. परतताना रिक्षात मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. पाहू दे म्हटलं.

घरी पोचले तर अर्धी बिल्डिंग दारात होती. वडिलांनी मी निघाल्यापासूनच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जणू अंधेरीला तेच जाऊन आले होते. काकूंनी विचारलं, काय झालं गं? सवयीने माझ्या तोंडात आलं, काही विशेष नाही. वडील उत्तर द्यायला पुढे झाले, मग माझ्याकडे पाहून थांबले आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले.

मी म्हणाले, “माझी कादंबरी चांगली आहे. एजंटने घेतली.”

मग मागून, सगळ्यांच्या आधी, वडिलांचा आवाज आला.

“व्हय महाराजा.”