दूधवाल्याची नात

नागपूरला आमच्या प्रताप नगरातल्या गल्लीत रुपराव लांजेवार दूध घालतात, त्याला आता बरीच वर्षं झाली. कन्हान नदीच्या पलीकडे त्यांचं गाव. थोडी शेती, गोठ्यात म्हशी. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ते सकाळी येतात आणि दूध मापता मापता सगळ्या गल्लीची चौकशी करतात. कुणाला खोकला झाला, तर हळद घालून दूध. कुणाला झोप लागत नाही, तर जायफळ घालून दूध. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा एक्स-रे निघायच्या आधीच त्यांनी निदान करून टाकलं होतं, "वहिनी, तुम्ही चहात दूध कमी टाकता."

अशा माणसाच्या घरी दूध न चालणारी नात जन्माला आली.

त्यांचा मुलगा अमोल मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीचं गोदाम सांभाळतो. त्याची बायको दामिनी. या दोघांना आधी एक मुलगी झाली होती. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत. पण घरी आल्यावर उलट्या करू लागली, पिवळी पडली आणि दुसऱ्या आठवड्यात गेली. जंतुसंसर्ग झाला असेल, एवढंच तेव्हा कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस रुपरावभाऊ भांड्यात दूध ओतायचे आणि कुणाची चौकशी न करता निघून जायचे.

दुसऱ्या वेळी दामिनीचं नाव शहरातल्या वेगळ्या दवाखान्यात घातलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मयुरा. पहिल्या बाळाचं सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "बाळ झालं की टाचेतून रक्ताचे थोडे थेंब कागदावर घेऊ. आधी आम्ही त्यातून फक्त थायरॉइड बघायचो. यंदापासून त्याच थेंबांवर आणखी बरेच आजार तपासतो. क्वचित होणारे आहेत, पण वेळेत कळले तर त्यांच्यावर उपाय आहे."

मुलगीच झाली. नर्स सुई घेऊन आली तशी रुपरावभाऊंची बायको सुभद्राबाई मध्ये उभी राहिली.

"एवढ्याशा टाचेले काहून टोचता वं बाई? पोट्टी चांगली रडून राहिली, पिऊन राहिली!"

"नाई तं काय," रुपरावभाऊंनी री ओढली, "रोगच दिसत नाई तं शोधता कायले?"

दामिनी सासू-सासऱ्यांपुढे फारसं बोलणारी नाही. पण खाटेवरून म्हणाली, "पहिलीचाही दिसला नव्हता, बाबा. सिस्टर, तुम्ही टोचा."

टोचलं. पोरीनं वॉर्ड डोक्यावर घेतला आणि मग आईला बिलगून झोपून गेली.

बाळ-बाळंतीण घरी आल्या. नंतरच्या एका सकाळी रुपरावभाऊ आमच्या फाटकाशी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. पोरीनं पहाटेपासून दोनदा ओकलं होतं. "पहिलीसारखंच वाटून राहिलं, वहिनी," एवढं म्हणतात तोच फोन वाजला. अमोल होता. घाबरून इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, दवाखान्यातून फोन आला. रिपोर्टात काही निघालं. पोट्टीले आत्ताच घेऊन या म्हणतात. अन् दूध बंद करा म्हणतात."

"कोणतं दूध? आपण तं वरचं पाजलंच नाई!"

"मायचं दूध, बाबा. दामिनीचं."

रुपरावभाऊंनी माप कॅनमध्ये टाकलं आणि भरल्या कॅनांसकट गाडी दवाखान्याकडे वळवली. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं काळा चहा प्यायला.

पुढचं मला त्यांच्याकडून आणि दामिनीकडून कळलं. डॉक्टर मयुरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "दुधात एक साखर असते. ती जिरवायला शरीराला जे लागतं, ते हिच्यात जन्मापासूनच नाही. मग ती साठत जाते आणि यकृताला इजा करते. दूध आईचं असो, गाईचं असो की म्हशीचं, हिला सारखंच. खात्रीसाठी आणखी एक तपासणी पाठवते आहे, पण तिची वाट बघायची नाही, बाळाला आजच भरती करून घेऊ. आतापासून दूध बंद, आणि सोयाबीनची पावडर सुरू."

"किती दिवस?" रुपरावभाऊंनी विचारलं.

"आयुष्यभर दूध नाही. दही, ताक, खवा, काही नाही. पण हे पाळलं तर तुमची नात हसेल, खेळेल, शाळेत जाईल."

"डॉक्टरबाई, मी दूधवाला हाय."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला जास्त नीट सांगते आहे."

एकदम रुपरावभाऊंचा चेहरा उजळला. "सोयाबीन म्हणता? ते तं आपल्या वावरातच हाय!"

"वावरातलं नाही!" डॉक्टर घाईघाईनं म्हणाल्या. "डब्यातलं. खास बाळांसाठी केलेलं. घरी दळून पाजाल तर माझ्याशी गाठ आहे."

सगळे हसले. डॉक्टरांच्या खोलीतून निघताना रुपरावभाऊ मागे रेंगाळले. "पहिलीलेही हेच झालं असंल का?"

डॉक्टर म्हणाल्या, "असू शकेल. आता खात्रीनं सांगता येणार नाही."

ते बाहेर आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. अमोल शेजारी जाऊन थांबला. मग दोघं मिळून पावडरचा डबा आणायला गेले.

सगळ्यात कठीण गेलं दामिनीला. पाजायचं नव्हतं, आणि दूध तर येत होतं. बाळ रडलं की तिची चोळी भिजायची आणि ती तोंड फिरवून रडायची. तिथल्याच एका नर्सनं तिला दवाखान्याची मिल्क बँक दाखवली. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, मुठीएवढाली बाळं तिथल्या दुधावर वाढत होती. दामिनीनं काचेतून त्यांना बघितलं आणि म्हणाली, "माह्या पोरीले चालत नाई, तं यांचं पोट भरू द्या." बाळ दवाखान्यात होतं तोवर ती रोज दूध देत राहिली. रुपरावभाऊ हे सांगतात तेव्हा त्यांची छाती फुगते, "वहिनी, मी अर्ध्या नागपूरले दूध पाजतो. पण माह्या सुनेच्या दुधाची सर नाई."

पिवळेपणा उतरला, वजन चढू लागलं. दुसऱ्या तपासणीनं निदान पक्कं केलं. बारशाला नाव ठेवलं चिन्मयी, आणि हाक मारायची चिनू.

मग आलं उष्टावण. दूधवाल्याच्या घरचं उष्टावण म्हटल्यावर पाहुणे आटीव खिरीच्या आशेनं आले होते. सुभद्राबाईंनी नारळाच्या दुधात तांदळाची खीर केली. रुपरावभाऊंच्या मावसबहीण रंभाबाई नाक मुरडून म्हणाल्या, "गोठा भरला हाय, अन् लेकराले नारळ चाटवता? बोटभर दुधानं काय होते?" त्यांनी खरंच बोट स्वतः आणलेल्या पेढ्याला लावून चिनूच्या तोंडाकडे नेलं. सुईला आडव्या आलेल्या त्याच सुभद्राबाईंनी रंभाबाईंचा हात हवेतच धरला. "वन्सं, जेवा, आहेर घ्या, पण माह्या नातीले हात लावाचा तं धुऊन लावाचा!" रंभाबाई रुसल्या. मात्र खीर दोनदा मागून घेतली.

रुपरावभाऊंचं औषधं सांगणं आता बंद झालं असेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! आता कुठल्या घरात पाळणा हलणार असं कळलं की त्यांचा पहिला प्रश्न, "टाच टोचणार ना?" पोरं त्यांना 'टाचवाले काका' म्हणतात.

माझी मुलगी नूपुर बाळंतपणाला आली तेव्हा मीही त्यांच्या तडाख्यातून सुटले नाही. आमच्या प्रसूतिगृहात एकच तपासणी होते, असं मी सांगितलं. "मंग विचारा ना, बाकीच्या करून देता का म्हणून!" मी म्हटलं, "अहो रुपरावभाऊ, आमच्या घरात असलं काही नाही." ते म्हणाले, "आमच्याबी घरात कोणाले नव्हतं, वहिनी."

मी प्रसूतिगृहात विचारलं. त्यांनी नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. नातवाचं सगळं नीट निघालं. मी हे फाटकाशी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भाऊ घरच्या खव्याचे पेढे घेऊन हजर. जणू रिपोर्ट त्यांच्याच नातवाचा होता.

चिनू आता तीन वर्षांची झाली. या आजारात होऊ शकतो तसा बोलायला जरा उशीर लागला, तेव्हा अमोल-दामिनी तिला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेऊ लागले. या आजारात डोळ्यांनाही धोका असतो, म्हणून त्यांचीही अधूनमधून तपासणी होते. बाकी पोरगी म्हणजे वारा आहे. रविवारी आजोबांच्या पुढ्यात गाडीच्या टाकीवर बसून येते. मागच्या रविवारी आमच्या फाटकाशी गाडी थांबली, तर आजोबांच्या आधी तीच खणखणीत ओरडली, "दू...ध!"

मी पातेलं घेऊन बाहेर आले. रुपरावभाऊ हसून हसून खोकायला लागले होते.

"खोकला झाला वाटतं," मी म्हटलं.

"हो ना. घरी जाऊन हळद घालून दूध घेतो," ते म्हणाले. चिनूनं माप उचलून माझ्या पातेल्यात अर्धं आणि माझ्या पायांवर अर्धं दूध घातलं.