ते माती देत होते
मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर मी दीड वर्ष काम केलं. ड्रोनने वरून टिपलेले छोटे व्हिडिओ बघायचे आणि त्यातल्या माणसांभोवती चौकट काढायची. हिरवी म्हणजे साधा माणूस, लाल म्हणजे संशयित. आमच्या चौकटी बघून यंत्र शिकणार आणि उद्या कुठल्यातरी लढाईत शत्रू कोण, ते तेच ठरवणार. लाखमोलाचं यंत्र, आणि त्याचे मास्तर आम्ही! कुठला देश, कुठली लढाई, हे विचारायचं नाही. मीही विचारलं नाही. पगार वेळेवर येत होता, हे कबूल करते.

नियम पाठ होते. रस्त्याकडेला खणणारे दिसले की लाल, कारण ते सुरुंग पेरत असणार.

त्या दिवशीच्या व्हिडिओत अकरा माणसं रस्त्याकडेच्या एका खड्ड्याभोवती उभी होती. एक जण पुढे यायचा, वाकायचा, मागे सरायचा. मग दुसरा. माझा हात माउसवर थांबला. आम्ही लिंगायत, आमच्यात मयताला बसवून पुरतात. दोनच महिन्यांपूर्वी वडिलांना पुरलं होतं. फौजेतून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस. म्हणायचे, "दुर्बिणीत माणूस बारीक दिसतो, पर त्यो बारीक असत न्हाई." आम्ही असेच एकेक करून पुढे गेलो होतो, मूठभर माती टाकून मागे सरलो होतो. सुरुंग पेरायला कोणी पाळीपाळीने वाकतं का?

मी अकराही चौकटी हिरव्या केल्या.

सुपरवायझर आला. फलटणकडचा, माझ्याहून लहान, तसा वाईट नव्हता. "ताई, खणत्यात न्हवं? मग लाल करा."

"सर, ती मयत हाय. माती देत्यात."

"असंल. पर यादीत मयत न्हाई."

"मग यादी चुकली."

"लय शानपना नको. दुसऱ्या दोघींकडं जाऊ दे, त्या बगतील."

प्रत्येक व्हिडिओ तिघींकडे जायचा. दोघींचं जुळलं की तेच कायम. व्हिडिओबद्दल एकमेकींशी बोलायची सक्त मनाई; तशी सहीच घेतली होती. पण माझं डोकं फिरलं होतं. मी उभी राहिले आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं बोलले, "अकरा माणसांचा व्हिडिओ कुणाकडं आलाय? ती मयत हाय गं. कुणाचा तरी बाप हाय त्या खड्ड्यात!"

सुपरवायझरचा चेहरा पडला. "ताई, उद्यापासनं येऊ नका."

"न्हाई येत. पर हितं कोण काय दाबतंय ते बगून जाते."

एकीने लाल केलं. तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. मी तिला बोल लावत नाही. दुसरी खिडकीपाशी बसायची. तिच्याशी मी दीड वर्षात धड चार शब्द बोलले नव्हते. सुपरवायझर तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिने एकेका माणसावर जाऊन बटण दाबलं. घाई केली नाही, मागे वळूनही बघितलं नाही.

मी मोजत होते. अकराच्या अकरा हिरव्या.